सूट

मनगटापासून कोपरापर्यंत पाच घड्याळं. शर्टाच्या खिशात दोन चष्मे, एक घडी घातलेला आणि एक तसाच उघडा. बाकावर शेजारी पाण्याच्या बाटल्यांची रांग, आणि कुठली बाटली कुणाची हे त्याला न विचारता ठाऊक. मैदानाच्या कडेला, भिंतीच्या सावलीत तो बसला होता आणि समोर त्याचा अख्खा वर्ग धूळ उडवत पळत होता. मी भाच्याची घरी राहिलेली वही द्यायला शाळेत गेले होते. ऑफिसात कुणी दिसलं नाही म्हणून मैदानाकडे वळले. मुलगा नऊ-दहा वर्षांचा असेल. पायांना कॅलिपर, बाकाला टेकवून ठेवलेल्या दोन कुबड्या. मी जवळ गेले तसा त्याने घड्याळांचा हात अंगाशी ओढून घेतला, मी त्यातलं एखादं मागायलाच आलेय असं वाटून. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "अरे वा, मोठं जबाबदारीचं काम दिलंय की तुला!" त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, खंतही नव्हती. वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं की शेजारचा हळूच बरोबर उत्तर सांगतो ना, त्या आवाजात तो म्हणाला, "काम नाहीये मावशी. मला सूट आहे."

मला सूट आहे.

वही दिली, घरी आले, संध्याकाळची कामं उरकली. रात्री दिवा मालवल्यावर तो शब्द पुन्हा कानाशी येऊन बसला. सूट म्हटलं की एरवी बरंच वाटतं. काहीतरी माफ झालं, ओझं उतरलं, आपल्यासाठी कुणीतरी नियम सैल केला. पण त्याच धातूतून आलेलं 'सुटणं' काही एका अर्थाचं नाही. शाळा सुटते तेव्हा आनंद होतो. गाठ सुटते तेव्हा हायसं वाटतं. गाडी सुटते तेव्हा मात्र आपण फलाटावर उभे असतो. आणि गर्दीत धरलेला हात सुटतो तेव्हा जे होतं त्याला नाव नाही. त्या मुलाला मिळाली ती सूट यातली कोणती, हे मला कळेना. त्याच्या चेहऱ्यावरून तरी ते सांगता येत नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलाने तो शब्द इतक्या सराईतपणे उच्चारावा, स्वतःच्या नावागावासारखा, हे मात्र झोप येईपर्यंत टोचत राहिलं.

पीटीच्या सरांना दोष द्यावा असं माझ्या मनात नव्हतं, आजही नाही. तास संपल्याची शिट्टी झाली तेव्हा ते स्वतः त्याच्याजवळ आले, केसांतून हात फिरवला, आणि मला आपणहून म्हणाले, "वर्षभरात एकाही पोराची वस्तू हरवली नाही बघा याच्यामुळे." त्यांच्या डोळ्यांत खरं कौतुक होतं. रिकाम्या हाताने बसून पोराला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी हे काम शोधून काढलं होतं. म्हणजे त्यांनी त्याच्याबद्दल विचार केला होता. तसा विचार न करणारेच जगात जास्त. मुलं धावत आली, त्याच्या हातावरून आपापली घड्याळं काढून घेऊ लागली. एकाला पट्टा निघेना तेव्हा त्यानेच निगुतीने काढून दिला. घड्याळं गेल्यावर त्याच्या हातावर पट्ट्यांचे लालसर वळ राहिले होते. ते तो दुसऱ्या हाताने चोळत बसला. मला त्या दृश्यात वाईट माणूस शोधूनही सापडला नाही, आणि त्यानेच माझी जास्त पंचाईत झाली.

हा शब्द मीही एकदा वापरला आहे. तेव्हा मी शाळेत होते आणि माझ्यापेक्षा एका वर्गाने पुढे असलेल्या, डोळ्यांनी न दिसणाऱ्या एका मुलीची लेखनिक म्हणून परीक्षेला बसले होते. लेखनिकाचं काम वरवर सोपं. प्रश्न वाचून दाखवायचा, ती सांगेल ते उतरवायचं, आपली अक्कल मध्ये घालायची नाही. आम्हाला एक वेगळी खोली दिली होती. तिच्यात आम्ही दोघी, एक पर्यवेक्षक, आणि वर करकरत फिरणारा पंखा. ती उत्तर सांगताना बोटांनी बाकाच्या कडेवर ठेका धरायची. वाक्य संपलं की ठेका थांबायचा, मग मी पूर्णविराम द्यायचा, असं न ठरवताच आमचं ठरलं होतं. विज्ञानाच्या पेपरात एक प्रश्न आला, 'आकृतीचे निरीक्षण करून उत्तरे लिहा'. त्याखाली न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दुसरा, बिनआकृतीचा प्रश्न दिलेला होता. मी आकृतीचा प्रश्न गाळून थेट दुसरा वाचायला घेतला. ती म्हणाली, "थांब. वरचा काय होता?" मी म्हटलं, आकृती आहे. तिने विचारलं, "आकृतीत काय आहे?"

मी पर्यवेक्षकांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवून मान हलवली. वेळ जाईल, नियमात बसणार नाही, असं काहीसं. आणि मी तिला सांगितलं, "अगं, राहू दे. तुला त्यात सूट आहे." तिच्या बोटांचा ठेका थांबला. वाक्य तर अजून सुरूही झालं नव्हतं. मग तिने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सांगितलं, नेहमीसारखं मुद्देसूद, आणि मी लिहिलं. पेपर संपल्यावर जिन्यावरून उतरताना, माझ्या कोपराला धरून, तिने पुन्हा विचारलं, "काय होतं गं त्या आकृतीत?" मी आठवायचा प्रयत्न केला. काही बाण होते, एक वर्तुळ होतं, बाजूला नावं होती. नक्की काय ते मला सांगता येईना. गाळायचीच आहे म्हटल्यावर मी ती नीट बघितलीच नव्हती. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे दोघींनीही नाही पाहिली."

त्या वाक्यात टोमणा नव्हता. पण पुढची कित्येक वर्षं, कुठल्याही पुस्तकात बाणांची आकृती दिसली की मी ती दोनदा बघत आले आहे.

मोठी झाल्यावर कळलं की आकृती बोटांनीही बघता येते. एक कागद असा मिळतो की त्यावर काळ्या शाईने रेघ काढून तो गरम यंत्रातून सरकवला की तेवढीच रेघ फुगून वर येते. साच्यावर प्लास्टिकचा पातळ तक्ता तापवून, खालची हवा ओढून घेऊन उठावाचे नकाशे करतात, ते तर फार जुनं तंत्र. मी असा एक नकाशा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा डोळे मिटून नदीवरून बोट फिरवलं आणि समुद्राशी पोचल्यावर एकदम थांबले. म्हणजे त्या मुलीला आकृती दाखवणं अशक्य कधीच नव्हतं. ते कुणीतरी, कुठेतरी, आधी दोन दिवस बसून करायला हवं होतं एवढंच. ते करण्यापेक्षा प्रश्न गाळणं सोपं पडलं. तिला जादा वेळ मिळाला होता, लेखनिक मिळाली होती, आणि त्यामुळेच ती बाकीच्यांच्या बरोबरीने तोच पेपर सोडवू शकली. ती सोय होती. आकृतीच्या प्रश्नाशी मात्र सोय संपली आणि सूट सुरू झाली. सोय करायला दुसऱ्या कुणालातरी हातपाय हलवावे लागतात. सूट द्यायला नुसती मान हलवली तरी पुरते.

या शब्दाचा माग काढत गेले तेव्हा एका जागी थबकलेच. जपानमध्ये शिक्षण सक्तीचं झालं तेव्हा ती सक्ती पालकांवर होती, मुलांना शाळेत पाठवण्याची. मूल अपंग असेल तर पालकांना त्या कर्तव्यातून मुदतवाढ किंवा माफी मिळायची. कायद्यातला शब्दच माफी, सूट. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठीच्या शाळा तिथे सक्तीच्या झाल्या त्या १९७९ मध्ये. तोपर्यंत किती घरांत असा कागद आला असेल, आणि तो वाचून कुणाला हायसं वाटलं असेल, कुणाला रडू आलं असेल. पण नीट पाहिलं तर त्या कागदावर सूट मुलाला नव्हतीच. सूट होती पालकांना, आणि त्यांच्याआडून शाळेला, सरकारला. इंग्लंडातही काही मुलांवर 'शिकवण्यापलीकडची' असा शिक्का होता. तो पुसून त्यांना शिक्षण खात्याच्या छत्राखाली आणणारा कायदा झाला १९७० साली. हे काही फार जुने दिवस नव्हेत. चंद्रावर माणूस उतरून वर्ष झालं होतं.

न्यूयॉर्कच्या जुडी ह्यूमनची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती तिच्या आईचीच गोष्ट वाटली होती. जुडीला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. पाच वर्षांची झाल्यावर आई तिला व्हीलचेअरवरून शाळेत दाखल करायला घेऊन गेली आणि मुख्याध्यापकांनी सांगितलं की ही इथे नको, आग लागली तर हिच्यामुळे धोका. पाच वर्षांच्या मुलीमुळे आगीचा धोका! पुढे घरी शिक्षिका यायची, आठवड्यातून मोजके तास. आई शाळांचे उंबरे झिजवत राहिली. जुडी शिकली, शिक्षिका व्हायला निघाली, तर १९७० मध्ये शिक्षण मंडळाने पुन्हा तेच कारण पुढे केलं. तिने दावा लावला आणि परवाना मिळवला. १९७७ मध्ये अपंगांच्या हक्काच्या नियमांवर सही व्हावी म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत तिच्यासह शंभरावर माणसं तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसली. या सगळ्यातलं मला सर्वात जवळचं वाटतं ते मात्र वेगळंच. लहानपणी ती उन्हाळ्यात अपंग मुलांच्या एका शिबिराला जायची. तिथे खेळ असायचे, दंगा असायचा, एकमेकांवर रुसणं असायचं. पुढे त्या लढ्यात उतरलेल्यांपैकी कितीतरी जण त्याच शिबिरात एकमेकांना भेटलेले. न्यायालयात आणि रस्त्यावर उभं राहायचं बळ या मुलांनी आधी मैदानावर कमावलं असणार, असं मला वाटत आलंय.

खेळाकडे आपण असं बघतच नाही. अभ्यास महत्त्वाचा, खेळ म्हणजे उरल्या वेळेतली गंमत. म्हणून जागा कमी पडली की आधी खेळ कापला जातो, आणि मूल अपंग असेल तर पीटीची सूट ही पहिली, सगळ्यात सोपी, कुणाच्याही डोळ्यांत न येणारी सूट. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६ चा. त्याच्या तिसाव्या कलमात, खूप खाली, एक ओळ आहे. अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळात, करमणुकीत, क्रीडेत भाग घेता आला पाहिजे, आणि त्यात शाळेतले खेळही आले. 'शाळेतले' हे त्यांनी मुद्दाम लिहिलंय. ती ओळ लिहिताना कुणाच्या तरी डोळ्यांसमोर मैदानाच्या कडेचा बाक असणार. सातव्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, की मुलाला आपल्याबाबतच्या गोष्टींत मत मांडता आलं पाहिजे, आणि ते मांडायला त्याच्या वयाला आणि अपंगत्वाला साजेशी मदत मिळाली पाहिजे. घड्याळं सांभाळणाऱ्याला कुणी विचारलं होतं का? मीही नव्हतं विचारलं. मी तर त्याला शाबासकी देऊन मोकळी झाले होते.

युनिसेफच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे चोवीस कोटी मुलं कुठल्या ना कुठल्या अपंगत्वासह जगतात, म्हणजे दहातलं एक. इतर मुलांच्या तुलनेत यांच्यातल्या मुलांनी शाळेची पायरीच न चढण्याची शक्यता ४९ टक्क्यांनी जास्त, आणि आपण सुखी नाही असं वाटण्याची ५१ टक्क्यांनी. असे आकडे वाचताना मन बधिर होतं, पण ते जमवायची पद्धत कळली तेव्हा मी जागी झाले. 'तुमचं मूल अपंग आहे का' असं विचारलं की दारातच नकार येतो. म्हणून प्रश्नच बदलले. त्याला बघायला अडचण येते का, चालायला, समजून घ्यायला, सांगायला? आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी त्या यादीत हाही प्रश्न आहे, की त्याच्या वयाच्या इतर मुलांच्या मानाने त्याला खेळायला अडचण येते का? डोळे, कान, पाय यांच्या रांगेत खेळणं! मोजणाऱ्यांनी तरी खेळाला त्याची जागा दिली, याचं मला फार बरं वाटलं.

सगळ्यांना एका वर्गात बसवलं की झालं, इतकं हे सरळ नाही. बहिऱ्या मुलांबाबत तर माझी मतं दोनदा उलटीपालटी झाली आहेत. १८८० मध्ये मिलानला शिक्षकांची परिषद भरली, त्यात जवळजवळ सगळे ऐकू येणारे, आणि त्यांनी ठरवलं की बहिऱ्या मुलांना खुणांच्या भाषेतून नव्हे, बोलण्यातूनच शिकवायचं. पुढची कित्येक दशकं देशोदेशींच्या शाळांत मुलांचे हात अडवले गेले. हेतू काय, तर त्यांना 'आपल्यात' आणायचं. त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० उजाडावं लागलं, व्हँकूव्हरच्या परिषदेत. याच्या उलट निकाराग्वात घडलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथल्या राजधानीत, मानाग्वात, बहिऱ्या मुलांना पहिल्यांदाच मोठ्या संख्येने एका शाळेत आणलं. तोवर ती आपापल्या घरांत, घरापुरत्या चार खुणा करत एकेकटी वाढलेली. वर्गात शिक्षक ओठांकडे बघायला शिकवत होते, ते काही फारसं साधत नव्हतं. पण मैदानावर आणि शाळेच्या बसमध्ये मुलं एकमेकांच्या खुणा उचलत होती, जुळवत होती. मागून आलेल्या लहानग्यांनी त्या आणखी घट्ट विणल्या, आणि काही वर्षांत एक संपूर्ण नवी भाषा, तिच्या स्वतःच्या व्याकरणासकट, उभी राहिली. भाषाशास्त्रज्ञ ती बघायला गेले. वर्गात जे कुणाला देता आलं नाही, ते मुलांनी मधल्या सुट्टीत करून घेतलं. म्हणजे तिथे सामावून घेणं हे वेगळ्या शाळेतच घडलं, आणि मिलानमध्ये सामावून घेण्याच्या नावाखाली मुलांची जीभच कापली गेली. मुलांना एकमेकांची सोबत मिळाली का, आणि त्यांची भाषा त्यांच्या हातात राहिली का, एवढं मी आता आधी बघते.

मग मी खेळांबद्दल वाचत सुटले. गोलबॉल म्हणून एक खेळ आहे, १९४६ पासूनचा, युद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी सुरू झालेला. चेंडूत घुंगरं. दोन्ही बाजूंना तीन-तीन खेळाडू, आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, ज्याला थोडंसं दिसतं त्याच्याही. प्रेक्षकांनी गप्प बसायचं, कारण चेंडू कानांनी बघायचाय. आपल्या आंधळ्या कोशिंबिरीत एकट्याच्याच डोळ्यांवर पट्टी असते आणि बाकीचे टाळ्या वाजवून त्याला चकवतात. इथे नियम सगळ्यांना सारखा. दुसरा खेळ बॉचिया. हातापायांवर ताबा कमी असलेल्या खेळाडूंचा खेळ, पांढऱ्या चेंडूच्या जवळात जवळ आपला चेंडू न्यायचा. ज्यांना हाताने फेकता येत नाही ते उतरत्या पन्हळीवरून चेंडू सोडतात. ती पन्हळ सरकवायला एक मदतनीस असतो, खेळाडू सांगेल तशी इंचभर डावीकडे, जरा वर. पण त्या मदतनिसाने मैदानाकडे पाठ करून बसायचं. वळून बघायचं नाही. नेम खेळाडूचा, अंदाज खेळाडूचा, चूकही त्याचीच.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. मलाही परीक्षेच्या खोलीत असंच बसायचं होतं. तिचे हात व्हायचं होतं, तिचा निकाल नव्हे. काय गाळायचं हे मी ठरवलं, तिथे माझी मान वळली.

दरम्यान त्या मुलाच्या आईची आणि माझी ओळख झाली. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी रोज तीच माणसं भेटतात. एके दिवशी मी भीत भीत विषय काढला. म्हटलं, मुलगा फार चुणचुणीत आहे, मैदानावर त्यालाही काही खेळता आलं तर. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, सूट मीच मागून घेतलीय. चिठ्ठी माझ्या हातची आहे." पहिलीत असताना धक्का लागून तो पडला होता. ओठ फाटला, चार टाके पडले. पण टाक्यांचं त्यांना तितकं नव्हतं. "मी न्यायला आले तेव्हा सगळा खेळ थांबलेला. पोरं गोल करून उभी. कुणी हसत नव्हतं हो, नुसती बघत होती. तो मध्ये, आणि सगळी बघतायत. ते मला नाही सहन झालं." फाटकाच्या गजावर त्यांची बोटं घट्ट झाली होती. "तुम्ही म्हणता ते कळतं मला. पण तुमच्या पोराच्या ओठावर टाके पडले नाहीत." यावर मी काय बोलणार? मी गप्प राहिले, आणि त्यांनीच थोड्या वेळाने माझ्या भाच्याच्या अभ्यासाची चौकशी केली.

'धोका पत्करण्याची प्रतिष्ठा' असा एक शब्दप्रयोग सत्तरच्या दशकापासून अपंगांच्या चळवळीत रुळला. माणसाला सगळ्या इजांपासून जपत गेलं की त्याचं माणूसपणच आपण काढून घेतो, अशा अर्थाचा. विचार मला मनापासून पटतो. पण त्या फाटकाशी तो मी उच्चारला असता तर ते क्रूर झालं असतं. पडू देण्याची भाषा, पडल्यावर धावत जाणाऱ्यानेच बोलावी. शिवाय ती आई एकटी होती. मैदान सपाट करणं, फरशीच्या फटी बुजवणं, सरांना चार गोष्टी शिकवणं, बाकीच्या मुलांना आधीच सांगून ठेवणं, यातलं काहीच कुणी केलेलं नव्हतं. मग सगळा धोका एका ओठावर येऊन पडणार आणि त्याची जबाबदारी एका चिठ्ठीवर. अशा वेळी आई जपणारच. पोर पडायला भिणारी आई दिसते, आणि तिला भ्यायला लावणारं मैदान दिसत नाही.

लहानपणीच्या आमच्या खेळांत एक पद होतं, लिंबूटिंबू. धाकटं भावंड खेळायला हट्ट करायचं, तेव्हा त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचं. ते सगळ्यांबरोबर पळायचं, ओरडायचं, पण त्याला बाद धरायचं नाही आणि त्याच्यावर कधी राज्य यायचं नाही. त्या लहानग्याला काही दिवस फार मजा वाटते. मग एक दिवस त्याच्या ध्यानात येतं, की आपण पकडले गेलो तरी कुणाला काही फरक पडत नाही. माझ्या धाकट्या भावाचा तो दिवस मला आठवतो. अंगणाच्या मधोमध पाय आपटत तो रडत होता, "माझ्यावर राज्य द्या! माझ्यावर राज्य द्या!" आम्ही हसत होतो. राज्य कुणी मागून घेतं का? संयुक्त राष्ट्रांच्या अपंग-हक्क समितीने २०१६ मध्ये शिक्षणावर केलेल्या विवेचनात चार गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या आहेत. मुलाला दाराबाहेर ठेवणं. वेगळ्या दाराने वेगळीकडे नेणं. आहे त्या शाळेत, काहीच न बदलता, नुसतं आणून बसवणं. आणि शाळाच अशी बदलणं की ते मूल तिथलं होईल. तिसरीपाशी आले आणि मला अंगणातला भाऊ दिसला. घेतलाय, पण लिंबूटिंबू. आणि चौथी म्हणजे राज्य येणं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही.

पावसाळा आला, मैदान बंद झालं. भाच्याला आणायचं काम काही महिने वहिनीकडे गेलं. पुन्हा गेले तेव्हा फाटकाशी त्या भेटल्या आणि आपणहून म्हणाल्या, "चिठ्ठी परत मागून घेतली." झालं असं की वर्गात कुणीतरी त्याला विचारलं, तुला सूट कुणी दिली रे? तो सांगायचा, शाळेने. सर म्हणाले, नाही, आईची चिठ्ठी आहे. तो घरी आला आणि दप्तर न उतरवता दारातच उभा राहिला. "म्हणाला, मला का नाही विचारलंस? तीन वर्षं झाली त्या चिठ्ठीला ताई. तीन वर्षं मी त्याच्या वतीने नाही म्हणत होते, आणि त्याला वाटत होतं शाळाच नाही म्हणतेय." त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या, सरांशी बोलल्या. सर आधी कचरले. मग त्यांनी त्यालाच विचारलं, तू सांग, कसं खेळू या? "आणि तुम्हाला सांगते, याच्याकडे यादी तयार होती. बाकावर बसून तीन वर्षं दुसरं काय करत होता?" हसता हसता त्यांचे डोळे भरले, आणि त्यांनी ते पदराने न पुसता तसेच राहू दिले.

शाळा सुटायला अजून वेळ होता. मी मैदानाकडे गेले. फक्कीने एक चौकोन आखला होता, फार मोठा नाही, आणि सगळा वर्ग त्याच्या आत. पकडापकडीच, पण हाताने शिवायचं नाही, स्पंजच्या चेंडूने मारायचं. हा नियम सगळ्यांना. चौकोनाबाहेर पाऊल पडलं की बाद, तोही सगळ्यांना. तो मधोमध उभा होता, एका कुबडीवर भार टाकून, हातात चेंडू, चेहरा लालबुंद. एका मुलीवर ओरडत होता की रेघेवर पाय पडला, ती म्हणत होती पडला नाही, आणि दोघं एकमेकांना चिडकी म्हणत होती. मग त्याने चेंडू मारला, नेम चुकला, तोल गेला आणि तो एका कुशीवर आदळला. माझ्या पोटात खड्डा पडला. खेळ क्षणभर थांबला. एका मुलाने दूर गेलेली कुबडी पायाने त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाला, "चल ना, ऊठ. तुझ्यावरच आहे अजून." तो उठला. त्याला उठायला वेळ लागला, तेवढा वेळ बाकीची पोरं जागच्या जागी उड्या मारत थांबली. कोपर खरचटलं होतं, त्याने त्याच्याकडे बघितलंही नाही.

बाकावर घड्याळांचा ढीग पडला होता, बाटल्या आडव्यातिडव्या, एका चष्म्याची काडी बाटलीखाली अडकलेली. मी ती सोडवत होते तेवढ्यात कुबड्या टेकत तो बाकापाशी आला. धापा टाकत होता. मला ओळखलं की नाही कोण जाणे. मनगटावरचं घड्याळ सोडलं, या वेळी एकच होतं आणि ते त्याचं स्वतःचं, आणि माझ्या हातात दिलं.

"मावशी, जरा सांभाळा. माझ्यावर राज्य आहे."